राज्यशास्त्राचे पदवी-शिक्षण : काल आणि आज

दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास महाविद्यालयांतील प्रवेशाची धांदल सुरू झाली, म्हणजे आपल्या ज्ञातिबांधवांच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाने कोणती शाखा घ्यावी? गुण भरपूर असले तर वैद्यक किंवा अभियांत्रिकी, त्याहून कमी असले तर वाणिज्य, आणि काहीच साधले नाही तर कला, अशी एक उतरंड आपण मनाशी रचून ठेविली आहे. त्या उतरंडीत राज्यशास्त्र हा विषय अगदी तळाच्या मडक्यात पडतो. एखाद्या मुलाने वा मुलीने ‘मी बी. ए. ला राज्यशास्त्र घेणार’ असे म्हटले, की ‘काय, पुढारी व्हायचे आहे वाटते?’ असे विचारून वडीलधारी मंडळी हसतात, आणि विषय तेथेच संपतो.

हा विषय इतका हसण्यावारी नेण्याजोगा आहे काय, याचा विचार ज्ञातिबंधुभगिनींनी करावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. त्यासाठी हा विषय विद्यापीठांत आला कसा, तो प्रथम कोणी, कोणाला आणि कशासाठी शिकविला, याचा थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. आमच्या मते त्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येईल : हे शास्त्र आरंभी राज्य करणाऱ्यांचे होते, ज्यांच्यावर राज्य चालते त्यांच्या हाती ते फार उशिरा आले. या कथेत आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनाही एक जागा आहे, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

राज्य कसे चालवावे याचा विचार आपल्याकडे कौटिल्याने आणि ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच केला होता. परंतु विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र अध्यासन निर्माण होण्यास सतरावे शतक उजाडावे लागले. स्वीडन देशातील उपसाला विद्यापीठात १६२२ साली योहान स्किट्टे या मुत्सद्द्याने वक्तृत्व व राज्यशास्त्र यांचे अध्यासन स्थापिले. ते आजही चालू आहे. फ्रान्स देशाचा १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाला, तेव्हा ‘आमचे राज्यकर्ते अडाणी राहिले म्हणून हे घडले’ असे तेथील विचारवंतांस वाटले, आणि एमिल बुतमी यांनी १८७२ साली पॅरिस येथे राज्यशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १८८० साली राज्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय उघडले. युरोपातील या संस्थांचा रोख चांगले अधिकारी, चांगले वकील व चांगले मंत्री तयार करण्याकडे होता. सामान्य माणूस त्यांच्या दृष्टीपुढे फारसा नव्हता.

आपल्या देशाशी या गोष्टीचा संबंध आला तोही याच वाटेने. हिंदुस्थानात कलेक्टर व न्यायाधीश म्हणून पाठवावयाच्या इंग्रज तरुणांसाठी कंपनी सरकारने इंग्लंडात ईस्ट इंडिया कॉलेज काढले. तेथे इतिहास व अर्थशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून १८०५ साली थॉमस माल्थस यांची नेमणूक झाली. लोकसंख्येवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेले ते हेच माल्थस. म्हणजे आमच्या आजे-पणजांवर राज्य कसे करावे याचे शिक्षण सातासमुद्रापलीकडील वर्गात चालले होते, आणि ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांस त्या वर्गाची वार्ताही नव्हती.

पुढे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे ते चौघे. राज्यशास्त्र हा वेगळा विषय त्या वेळी नव्हता. इतिहास, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या पोटातच तो शिकविला जाई. पण इंग्लंडचा इतिहास शिकवावयाचा म्हणजे राजाचे अधिकार पार्लमेंटने कसे आवरले हे सांगणे आलेच, आणि हे ऐकणारा विद्यार्थी आपल्या देशाचा विचार केल्यावाचून कसा राहील? तरुण रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली, आणि ती इंग्रजी राज्यास अनुकूल नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांस कानपिचक्या दिल्या आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. शिकवावे, परंतु शिकलेले आपल्यावरच लागू करू नये, अशी ही अट होती. रानड्यांनी ती मानली नाही. पुण्यात १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे पुढे तेच प्रमुख मार्गदर्शक झाले आणि कायदा, शेतसारा व राज्यकारभार यांवर त्यांनी आयुष्यभर लेखन केले.

सरकारलाही हा धोका कळत होता. विल्यम ली-वॉर्नर या अधिकाऱ्याने १८९७ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी नागरिकत्वावर एक पाठ्यपुस्तक लिहिले. इंग्रजी राज्यात प्रजेला मिळालेल्या लाभांचे वर्णन करून निष्ठावान प्रजाजन घडवावा, असा त्याचा रोख होता. वंगभंगाच्या चळवळीनंतर १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव सर हर्बर्ट रिस्ले यांनी परिपत्रक काढून विद्यार्थी व शिक्षक यांच्या राजकीय चळवळीतील सहभागास आळा घातला.

या रिस्ले साहेबांचे नाव आपल्या ज्ञातिबांधवांनी दुसऱ्याही कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०१ सालच्या जनगणनेचे प्रमुख आयुक्त हेच होते. कोणती जात वरची व कोणती खालची अशी क्रमवारी त्या जनगणनेत लावण्याचा उद्योग त्यांनी केला. त्याबरोबर देशभर एकच खळबळ उडाली. आमची जात चुकीच्या पायरीवर घातली, अशी निवेदने निघू लागली. ती लिहिण्यासाठी सभा भरू लागल्या, वर्गण्या गोळा झाल्या, आणि कित्येक ज्ञातिसभांना त्यातून जोर चढला. ज्या हाताने जातींची उतरंड कागदावर उतरविली, त्याच हाताने सहा वर्षांनी विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर राहण्याचा हुकूम लिहिला. हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. लोकांनी आपल्या पायरीबद्दल भांडत बसावे, जिना कोणी बांधला असे मात्र विचारू नये, हीच कोणत्याही परकीय सत्तेची इच्छा असणार.

ती इच्छा पुरी झाली नाही, याला पुष्कळ कारणे आहेत. अभ्यासाच्या क्षेत्रातील दोनच येथे सांगतो. पहिले असे, की १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित मिळाले आणि १९०९ साली ते छापून निघाले. हिंदी माणसाला राज्यविचार ठाऊकच नव्हता, हा साहेबांचा आक्षेप त्या एका पोथीने गप्प केला. दुसरे असे, की ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेविले होते, त्यांच्यातून एक विद्यार्थी या शास्त्राच्या गाभाऱ्यात जाऊन पोहोचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी तेथील एका परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातील जातींची उत्पत्ती व रचना या विषयावर निबंध वाचला. रिस्ले यांनी जाती मोजल्या होत्या आणि त्यांची क्रमवारी लावली होती. त्या क्रमाचा जाच सोसणाऱ्याने आता जात मुळात निर्माण कशी झाली व टिकते कशी, असा प्रश्न टाकला. राज्यशास्त्र ज्याच्यावर राज्य चालते त्याच्या हाती आले म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

डॉ. आंबेडकरांसारखा पुरुष शतकातून एखादाच होतो, आमच्या मुलांस तो दाखला कसा लागू पडावा, असे कोणी म्हणेल. म्हणून पदवीच्या वर्गात बसून हाच विषय शिकलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो.

आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. परंतु शाळेत पुष्कळ वर्षे नागरिकशास्त्र शिकविले, आणि जवळजवळ दरवर्षी कोणीतरी चुणचुणीत मुलगा वा मुलगी एक प्रश्न हटकून विचारी : ‘गुरुजी, राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचे ऐकावेच लागते, तर मग राष्ट्रपती हवेत कशाला?’ पाठ्यपुस्तकात याचे उत्तर दोन ओळींचे असे. खरे उत्तर के. आर. नारायणन यांच्या चरित्रात आहे.

कोचेरिल रामन नारायणन यांचा जन्म केरळातील कोट्टायम भागात उळवूर या खेड्यात एका दलित कुटुंबात झाला. जन्मवर्ष सरकारदप्तरी १९२० असे आहे. वडील वैद्यकी करीत; घरात दारिद्र्य होते. शाळा कित्येक मैल दूर, तेथवर पायी जावे लागे. फी वेळेवर न भरल्यामुळे वर्गाबाहेर उभे राहावे लागे. पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून दम्याने घरी असलेला थोरला भाऊ इतरांची पुस्तके उसनी आणून त्यांच्या नकला करून देई. अशा स्थितीत शिकून त्यांनी त्रावणकोर विद्यापीठाची इंग्रजी साहित्यातील एम. ए. पदवी प्रथम क्रमांकाने मिळविली. पुढे काही काळ पत्रकारिता केली आणि जे. आर. डी. टाटा यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९४५ साली ते लंडनला गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एम. ए. झालेला हा तरुण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत पुन्हा पदवीच्या वर्गात जाऊन बसला, आणि राज्यशास्त्र हा विशेष विषय घेऊन १९४८ साली पहिल्या वर्गात बी. एस्‌सी. (इकॉनॉमिक्स) झाला. तेथे त्यांचे गुरू होते हॅरॉल्ड लास्की. लास्की यांचा राज्यशास्त्रावरील १९२५ सालचा ग्रंथ आपल्याकडील महाविद्यालयांतूनही पुष्कळ वाचला जाई. स्वदेशी परतताना लास्की यांनी नारायणन यांस पंडित नेहरूंच्या नावे परिचयपत्र दिले आणि १९४९ साली ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले.

आता या पदवीचा उपयोग काय झाला तो पाहा. नारायणन २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, केंद्रातील गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशातील कल्याणसिंग सरकार बाजूस सारून तेथे राष्ट्रपती राजवट लागू करावी, असा सल्ला दिला. घटनेच्या ७४ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावयाचे असते. पण १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यास एक पुस्ती जोडली आहे : राष्ट्रपती तो सल्ला एकवार फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिल्यास मात्र तो मानलाच पाहिजे. नारायणन यांनी ती शिफारस परत पाठविली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात राष्ट्रपती राजवटीला घातलेल्या मर्यादा त्यांच्यासमोर होत्याच. मंत्रिमंडळाने फेरविचार केला आणि आपला आग्रह सोडला. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाची बिहारविषयीची तशीच शिफारस त्यांनी त्याच रीतीने परत पाठविली. मंत्रिमंडळ एका पक्षाचे असो वा दुसऱ्या, कसोटी एकच.

आमच्या वर्गातील मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. राष्ट्रपतींना नकार देण्याचा अधिकार नाही, ‘पुन्हा एकदा विचार करा’ असे म्हणण्याचा आहे. राज्यव्यवहारात त्या एका वाक्याला केवढे वजन असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती तो अधिकार शोभतो. त्याच १९९८ साली लोकसभेच्या निवडणुकीत पदावर असताना मतदान करणारे ते पहिले राष्ट्रपती ठरले. सामान्य मतदारांच्या रांगेत उभे राहून त्यांनी मत दिले. वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगा राष्ट्रपती होऊन मतदारांच्या रांगेत उभा राहतो, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

आता आपल्या ज्ञातिसंस्थेकडे वळू. आपली संस्था, तिची वार्षिक सभा, तिचे वसतिगृह, वधूवर मेळावा आणि प्रस्तुत स्मरणिका, हा सारा घरगुती मामला आहे, विद्यापीठाला त्याचे काय, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. लॉइड व सुझान रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने १९६० साली हिंदुस्थानातील ज्ञातिसंस्थांच्या राजकीय कार्यावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि तो आजही राज्यशास्त्राच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो. त्यांनी मुख्यतः मद्रासकडील वन्नियार समाजाचे उदाहरण घेतले. या समाजातून निघालेल्या दोन पक्षांनी १९५२ सालच्या मद्रास विधानसभेच्या निवडणुकीत अनुक्रमे १९ व ६ जागा जिंकल्या होत्या. रुडॉल्फ दांपत्याचा मुद्दा असा, की जातीत माणूस जन्माने येतो, परंतु ज्ञातिसंस्थेचा सभासद तो स्वेच्छेने होतो. तिला घटना असते, निवडलेले पदाधिकारी असतात, हिशेब असतात, मुखपत्र असते. म्हणून जन्मावर आधारलेल्या समाजाला लोकशाहीची रीत शिकविणारी ती एक प्रकारची शाळाच ठरली. पुढे रजनी कोठारी यांनी संपादिलेल्या १९७० सालच्या ग्रंथात हाच विचार अधिक खोल नेला. जातीने राजकारण बिघडविले असे आपण सरसकट म्हणतो. पण राजकारणानेही जातींना आपल्या कामाला जुंपले आणि त्यात त्यांचे रूप पालटून टाकले, हे त्यांनी दाखवून दिले.

हे वाचून मान ताठ करण्याचा मोह होतो. तथापि, त्याच वर्गात याच्या पुढचे प्रश्नही विचारले जातात, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. ज्ञातिसंस्था लोकशाहीची शाळा असेल, तर तिच्या कार्यकारी मंडळावर स्त्रिया किती? निवडणूक खरोखर होते, की तीच चार घराणी आलटून पालटून पदे घेतात? शिष्यवृत्तीचा निधी गरजवंताला मिळतो, की ओळखीच्याला? आपण आपल्या माणसाला हात देतो हे ठीक. पण आपल्याहून खालच्या मानल्या गेलेल्या माणसाला तोच हात देतो काय? डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते, की राजकीय लोकशाहीच्या बुडाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकावयाची नाही. ते संसदेइतकेच आपल्या सभागृहासही लागू आहे. राज्यशास्त्र शिकून आलेला आपलाच मुलगा किंवा मुलगी उद्या वार्षिक सभेत उभी राहून हे प्रश्न विचारील. रानड्यांची शिष्यवृत्ती बंद करणाऱ्या प्राचार्यांप्रमाणे आपण वागावयाचे, की शांतपणे उत्तर द्यावयाचे, हे आपण आजच ठरविलेले बरे.

या विषयात पदवीला शिकवितात तरी काय, असे पालक विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्य, समता, न्याय, हक्क या कल्पनांचा विचार, भारताची राज्यघटना व तिचा प्रत्यक्ष व्यवहार, इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड इत्यादी देशांच्या राज्यपद्धतींची तुलना, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध, कौटिल्यापासून फुले, रानडे, गांधी, आंबेडकर यांच्यापर्यंतचा भारतीय राजकीय विचार, आणि स्थानिक स्वराज्य. यांतील शेवटचा भाग तर आपल्या अंगणातलाच आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. १९९२ सालच्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींना व नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले, आणि आपल्या राज्यात २०११ पासून तेथील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेविल्या आहेत. गावोगाव आपल्या लेकीसुना सरपंच होत आहेत. ग्रामसभेचा अधिकार काय, ग्रामनिधी कशासाठी खर्चता येतो, हे त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, की स्वतः जाणावे?

भाषेची अडचणही पूर्वीइतकी राहिली नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे राज्य आपल्या भाषेत चालावे हीच दृष्टी होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे कला शाखेचा पदवी-अभ्यास मराठीतून करण्याची सोय झाली. आज खेड्यातील मुलगीही हा विषय आपल्या भाषेत शिकू शकते.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. ही पदवी घेतली की नोकरी ठरलेली, असे आश्वासन आम्ही देणार नाही. तसे ते आता कोणत्याच पदवीचे देता येत नाही. स्पर्धा परीक्षा, वकिली, पत्रकारिता, अध्यापन, सामाजिक संस्थांतील काम या वाटा या विषयातून निघतात, आणि प्रत्येक वाटेवर कष्ट आहेत. परंतु या अभ्यासाचा एक लाभ असा आहे, की त्याला नोकरीची वाट पाहावी लागत नाही. १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आहे. म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणारा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी त्या सुमारास मतदारही होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पूल बांधण्यासाठी पदवीपर्यंत थांबावे लागते. राज्यशास्त्राचा विद्यार्थी मात्र पहिल्याच वर्षी आपल्या विषयाचे प्रात्यक्षिक करू लागतो.

म्हणून आमची ज्ञातिबंधुभगिनींस दोन नम्र सूचना आहेत. गुणगौरव समारंभात आपण वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार अगत्याने करतो. त्या यादीत राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविणाऱ्यांचीही नावे असावीत आणि शिष्यवृत्तीच्या निधीतून त्यांनाही वाटा मिळावा. दुसरी सूचना अशी, की घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने या विषयाची आवड दाखविली तर तिला हसू नये. राज्य कसे चालते हे ज्यांना कळू नये असे एके काळी राज्यकर्त्यांस वाटत होते, त्यांच्याच आपण वंशजा-वंशजांची घरे आहोत. ते आता उघडपणे, आपल्या गावाजवळच्या महाविद्यालयात, आपल्या भाषेत शिकावयास मिळते. ही संधी मिळविण्यास आपल्या वाडवडिलांना फार काळ लागला. ती आपण होऊन नाकारू नये, इतकीच विनंती करून हा लेख पुरा करतो.